दिवेआगरच्या ओल्या वाळूवर धावायचं तर आधी कालनिर्णय बघा

मी सहकारनगरात राहते. एका बाजूला तळजई, दुसऱ्या बाजूला पर्वती, त्यामुळे घराबाहेर पाय टाकला की चढ लागतोच. कोथरूडवाल्यांना वेताळ टेकडी आहे, धनकवडीवाल्यांना कात्रजचा चढ. अशा गावात दोन-चार महिने नेमाने धावलं की मांड्या तयार होतात, दमही वाढतो. पण पाऊण तास एकाच लयीत, न थांबता धावणं काही अंगवळणी पडत नाही. चढावर आपण हळू होतो, उतारावर अंग सोडून देतो आणि तेवढीच विश्रांती मिळते. सपाटीवर ही सोय नसते. पहिल्या मिनिटाला जो स्नायू कामाला लागतो, तोच शेवटच्या मिनिटाला राबत असतो. म्हणून पुणेकराने वर्षातून दोन-चारदा तरी समुद्रावर जाऊन धावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतरी मासे खायला जाताच, बूट सोबत टाका.

दिवेआगरबद्दल लिहिते, कारण तो किनारा माझ्या पायाखालचा आहे. गुहागर, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही गणित हेच. वाळूचा पोत आणि किनाऱ्याचा उतार तेवढा बदलतो. दिवेआगरचा किनारा दक्षिणोत्तर, चार किलोमीटरच्या आसपास लांब, जवळजवळ सरळ आणि अगदी हलक्या उताराचा. मागे सुरूचं बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलं की साधारण आठ किलोमीटर होतात, आणि चढ म्हणाल तर खोलीच्या पायऱ्या तेवढ्या. टोकाला पाणी आडवं लागलं तर तिथूनच वळा, ओलांडायच्या भानगडीत पडू नका.

काही जण दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी करत श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यावर धावायला निघतात. रस्ता फोटोत फार देखणा दिसतो, पण सपाट नाही. गाव आलं की खाली, गाव सुटलं की वर. तेच करायचं होतं तर तळजई काय वाईट होती?

आता भरती-ओहोटी. खोली बुक करायच्या आधी बघायची गोष्ट ही. बहुतेक लोक उलटं करतात: लाँग वीकेंड बघून खोली घेतात, पहाटे उठून बूट चढवून किनाऱ्यावर जातात, आणि पाणी पार वरच्या भुसभुशीत वाळूला टेकलेलं बघून चहा प्यायला परत येतात.

कोकणात जुन्या लोकांचा एक हिशेब आहे. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीचीही. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, गुणाकार तोच. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. भरतीपासून सहा तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं मोजली की ओहोटी. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. पाऊणचा आकडा आला तो तिथूनच.

हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर नेमक्या वेळा बघून घ्या. पण तीन महिने आधी कुठला शनिवार-रविवार धरायचा, हे ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. आमच्या तळजईच्या ग्रुपमध्ये एक आयटीवाला आहे, घड्याळात बघितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. त्याला हा गुणाकार सांगितला तेव्हा तो हसला. आता सहलीची तारीख तोच काढतो.

सकाळी धावायचं तर ओहोटी साडेसहा ते आठच्या मधे हवी. मग उलटा हिशेब करा. प्रतिपदेला दुपारी पाऊणला भरती, म्हणजे सकाळी साडेसहाला ओहोटी. द्वितीयेला दीडची भरती, सव्वासातची ओहोटी. तृतीयेला सव्वादोन आणि आठ. या तीन तिथी सोन्यासारख्या. पौर्णिमा किंवा अमावास्येलाही चालतं, फक्त सकाळी सातपर्यंत पाणी चढायला लागलेलं असतं, म्हणून लवकर आटपायचं. चतुर्थीला ओहोटी नऊला जाते आणि ऊन अंगावर येतं. शिवाय संकष्टी असेल तर सुवर्णगणेशाच्या देवळाला गर्दी. सप्तमी, अष्टमी, नवमी या तिथींना सकाळी धावायचा विचारच सोडा. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही हे खरं, पण सकाळी सहाला जे काही आलेलं असतं ते नेमकं तुमच्या धावपट्टीवर उभं असतं.

पौर्णिमा-अमावास्येचा आणखी एक फायदा म्हणजे उधाण. उधाणात पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खोल मागेही जातं, त्यामुळे किनारा एरवीपेक्षा कितीतरी रुंद मिळतो. आणि ओहोटी दिवसातून दोनदा येते, सकाळची साडेसहाला असेल तर संध्याकाळची सातच्या आसपास. म्हणजे शनिवारी प्रतिपदा आणि रविवारी द्वितीया असा जोड मिळाला, की शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ दोन्ही हाताशी. दिवाळीचा पाडवा आणि भाऊबीज हाच तो जोड. पण त्या दिवसांत दिवेआगरला अख्खं पुणे लोटतं, शिवाय भाऊबीजेला माहेरी न जाता वाळूवर धावत होते, हे आईला सांगायची माझी हिंमत नाही. कार्तिकी पौर्णिमा, दत्तजयंती, माघी पौर्णिमा यांच्या पुढचे दोन-तीन दिवस त्यापेक्षा बरे.

पावसाळ्यात जाऊ नका. समुद्र खवळलेला असतो, लाटा वाळू ओढून नेतात आणि किनारा अरुंद होतो. ताम्हिणीत दरडींची धास्ती वेगळीच. ऑक्टोबरच्या मध्यापासून वाळू पुन्हा भरत जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये साडेसातलाच जीव नकोसा होतो.

किनाऱ्यावर उतरलात की धावत सुटू नका, आधी वाळू बघा. वरची कोरडी वाळू धावण्याच्या कामाची नाही. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं होतं: कोरड्या वाळूत धावायला कडक जमिनीच्या १.६ पट शक्ती लागते. शिक्षा म्हणून ठीक आहे. त्याखाली ओली, गडद, पण चमक नसलेली पट्टी असते. त्याच्याही खाली पाण्याची पातळ साय पसरलेली, आरशासारखी चमकणारी वाळू. धावायचं ते मधल्या पट्टीवर, चमकत्या वाळूच्या किंचित वर.

खात्री करायची असेल तर एक पाऊल जोरात टाका आणि खाली बघा. चांगली वाळू असेल तर पावलाभोवती वीतभर जागा क्षणात कोरडी पडते, राखाडीची पांढुरकी होते, आणि पाय उचलला की हळूहळू पुन्हा ओली होते. घट्ट बसलेले वाळूचे कण दाबाने एकमेकांपासून जरा फाकतात आणि वरचं पाणी त्या फटीत उतरतं, म्हणून हे दिसतं. ही पांढरी कड दिसली की बिनधास्त धावा. टाच बोटभर आत गेली किंवा ठशात लगेच पाणी साचलं, तर दोन-चार पावलं वर सरका. बारीक खेकड्यांनी वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या काढून बिळाभोवती मांडलेल्या असतात. असे पट्टे दिसले की समजा, पाणी जाऊन बराच वेळ झालाय आणि वाळू बसलेली आहे. अगदी गोळ्यांवरून जायची गरज नाही, बाजूने जा. तो सगळा खटाटोप पुढच्या भरतीला वाहून जायचाच आहे, पण निदान आपल्या बुटाने नको.

किनारा कितीही सपाट दिसला तरी समुद्राकडे थोडा कलतोच. उत्तरेकडे धावताना समुद्र डावीकडे, म्हणजे डावा पाय किंचित खाली पडतो. परत येताना उजवा. एकाच दिशेने लांब धावून गाडीने परत यायची आयडिया काही जण काढतात. दुसऱ्या दिवशी एका बाजूचा गुडघा आणि कंबर बोलायला लागतात. अर्धं जा, तेवढंच परत या. ओहोटी चालू असेल तर परतताना जरा खालची पट्टी धरा, ती जास्त सपाट असते.

निघायच्या जागेची खूण मात्र पक्की करा. सुरूचं बन सगळीकडे सारखंच दिसतं, आणि आठ किलोमीटर धावून झाल्यावर आपली पायवाट शोधत वाळू तुडवण्यासारखा वैताग नाही. एखादा रिसॉर्टचा बोर्ड, हायमास्टचा खांब, वाकलेलं झाड, काहीही धरा. मोबाइलवर एक फोटो काढलात तरी पुरे.

आता निवांत धावायचा दिवस कसा करायचा. माझा क्रम असा: शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं, दुपारी पोचायचं, संध्याकाळी हलकं धावायचं. ताम्हिणीमार्गे अंतर एकशे साठ-सत्तर किलोमीटर. पिरंगुट, पौड, मुळशी, निजामपूर, माणगाव, म्हसळा. वाटेत वडापावला थांबलं की पाच तास गेलेच. इतका वेळ बसून कंबर आखडलेली असते, त्यामुळे त्या संध्याकाळी वेगाचं नाव काढू नका. शनिवारच्या दुपारी जेवण बेताचं, भात-आमटी आणि भाजी. सुरमई पळून जात नाही, ती रविवारी आहेच. हे वाक्य मी घरच्यांना दर वेळी सांगते आणि ते माझ्यासमोर बसून दर वेळी सुरमई खातात.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. सव्वापाचला सुरुवात करा, साडेसहाच्या आत संपवा. पाणी मागे सरकतच असतं, त्यामुळे पट्टी रुंद होत जाते. मधल्या भागात घोडागाड्या, बनाना राइड आणि क्रिकेट चालू असतं. तिथून पाचेक मिनिटं कुठल्याही बाजूला गेलं की किनारा मोकळा. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे पाण्याच्या कडेला बसलेले असतात. त्यांच्यामधून धावून रील काढणाऱ्यांना माझ्याकडून काही सल्ला नाही.

हलकं म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एकेका शब्दात नव्हे. सासूने काल काय म्हटलं ते सविस्तर सांगता येतंय, तर वेग बरोबर. घड्याळातल्या पेसवर, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली त्यावर, जाऊ नका, कारण इथली हवा पुण्याची नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. खाली हवा थोडी दाट मिळते, म्हणून सोपं जाईल असं वाटतं. पण तो फायदा दमटपणा खाऊन टाकतो. डिसेंबरच्या पुण्यात पहाटे दहा-बारा अंश आणि कोरडी हवा असते, घाम आला की उडून जातो आणि अंग थंड राहतं. किनाऱ्यावर घाम उडतच नाही, नुसता निथळतो. त्याच श्रमात हृदयाचे ठोके वाढतात. तळजईच्या वरच्या सपाट भागावर किलोमीटरला सात मिनिटं लागत असतील, तर इथे साडेसात धरा आणि त्यात कमीपणा मानू नका. चाळीस ते पन्नास मिनिटं पुरेत. शेवटची पाच-दहा मिनिटं बूट काढून अनवाणी धावायला हरकत नाही, पायाला छान वाटतं. पण अख्खी धाव अनवाणी नको. ओली वाळू मऊ वाटली तरी पोटऱ्या आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी ताम्हिणीत क्लच दाबताना. टाच दुखण्याचा जुना आजार असेल त्याने बूट काढूच नयेत. माशांचे काटे, तुटके गळ, बाटलीच्या काचा यांना तर तुमचा आजार बघायचा नसतो.

रविवारी सकाळी वेगाचा दिवस. आदल्या रात्रीच खोलीवाल्यांना सांगून ठेवा, पहाटे चहा आणि दोन केळी मिळतात का. वाडीतल्या घरगुती मुक्कामाचा हा फायदा, आजी उठलेल्याच असतात. आम्ही उतरतो तिथल्या आजी तर आधी विचारतात, "बिस्किटं देऊ का, उपाशी पळणार का?" आणि मग नवऱ्याकडे बघतात, याने नीट जेवायला घातलं नाही की काय, अशा नजरेने.

उजेड फुटल्याशिवाय किनाऱ्यावर जाऊ नका. अंधारात वाळूतला खड्डा, दोरखंड, झोपलेलं कुत्रं काही दिसत नाही. बायकांनी पहिल्या दिवशी तरी जोडीने जावं. सकाळी जो वारा असतो तो सहसा जमिनीवरून समुद्राकडे, मंद, बाजूने येणारा. त्याचा त्रास नाही. समुद्रावरचा वारा दहा-अकरानंतर जोर धरतो. संध्याकाळी धावत असाल तर मात्र आधी वाऱ्याच्या तोंडावर जा आणि परतताना पाठीशी घ्या. बहुतेक वेळा याचा अर्थ आधी उत्तरेकडे. वारा पाठीशी असताना सोपं वाटतं, पण अंगाला हवा लागत नाही आणि एकदम उकडायला लागतं, तेव्हा दचकू नका.

वेगासाठी अंतर नाही, वेळ मोजा. वाळूची पट्टी दर दोनशे मीटरला बदलते, त्यामुळे चारशे मीटरचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नसतो. पंधरा मिनिटं हलकं धावून अंग मोकळं करा. मग वीसेक सेकंद मोकळ्या ढांगा टाकत जरा वेगाने, असं चार वेळा, मधे चालत. त्यानंतर दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं अगदी हळू, असं सहा वेळा. जोरात म्हणजे जीव खाऊन नव्हे. सहाव्या वेळीही पहिल्यासारखंच धावता येईल इतपत. शेवटी दहा मिनिटं रमतगमत. ज्यांचा सराव पक्का आहे त्यांनी याऐवजी सलग वीस मिनिटं धावावं, तुटक तीन-चार शब्दच बोलता येतील अशा वेगाने. सपाटीची खरी परीक्षा याच वीस मिनिटांत होते. बाराव्या-तेराव्या मिनिटाला पाय उतार शोधायला लागतात. उतार येत नाही. तेव्हा वेग न टाकता ढांग थोडी आखूड करा, पावलं भराभर टाका, खांदे खाली सोडा. ओल्या वाळूत लांब ढांग टाकली की टाच रुतते आणि पुढचा पाय लगाम लावतो. आखूड ढांगेत पाऊल शरीराच्या खाली पडतं. परतीच्या वाटेवर स्वतःचे जातानाचे ठसे बघत या. टाचेचा खड्डा खोल आणि पुढचा भाग पुसट असेल तर ढांग लांब पडते आहे. घड्याळ हे सांगत नाही.

बूट जुने घाला, पण झिजून गुळगुळीत झालेले नकोत. कार्बन प्लेटवाले महागडे बूट वाळूत न्यायचं काही कारण नाही. त्यांची उसळी वाळू गिळून टाकते आणि जाळीत खारं पाणी जातं ते वेगळंच. पातळ मोजे घाला, ओले झाले तरी लवकर सुकतात. काखेत, मांडीच्या आत, ब्राच्या पट्टीखाली खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा. मीठ आणि घाम एकत्र आले की कातडी सोलवटते आणि अंघोळीच्या वेळी ओरडायची पाळी येते. धावून आल्यावर बूट, घड्याळ, चष्मा, सगळं गोड्या पाण्याखाली धरा. घड्याळाच्या मागची चार्जिंगची टोकं आधी धुवा, खारं पाणी ती खातं. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवा, गाडीच्या डिकीत बंद करून आणू नका.

पाणी सोबत घ्या, अर्धा लिटर तरी. किनाऱ्यावर आठ-साडेआठपर्यंत टपऱ्या उघडत नाहीत. परत आल्यावर लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेलं सरबत, मग शहाळं. नुसतं साधं पाणी ढोसत बसलं की डोकं जड होतं. मग मात्र पोहे, घावन, जे मिळेल ते. उकडीचे मोदक हवे असतील तर शनिवारीच सांगून ठेवावे लागतात.

ज्यांना वाळू नकोच, कडक रस्त्यावर वेग बघायचाय, त्यांनी मुंबईला मरीन ड्राइव्हवर जावं. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीच्या पुढपर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर, जाऊन-येऊन सात, आणि वाटेत सिग्नलला थांबावं लागत नाही कारण पदपथ समुद्राच्या बाजूने सलग आहे. इमारती पूर्वेला असल्यामुळे सूर्य वर आला तरी काही वेळ सावली राहते. तिथे तिथी बघायची गरज नाही, फक्त पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी लाटा कठड्यावरून आत येतात तेव्हा लांब राहा. आदल्या संध्याकाळी जाऊन चर्चगेटच्या आसपास मुक्काम करा आणि साडेपाचला सुरू करा. रविवारी सातला तिथे माणसं, कुत्री आणि सेल्फी यांची जत्रा असते. फरशी कडक आहे, तेव्हा चांगल्या गादीचे बूट. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या पुणेकराने एकदा तरी इथे धावावंच. पेडर रोडच्या चढाची धास्ती सगळे घेतात, पण चढ आपल्याला पाठ असतो. आपण गळतो ते किनाऱ्यालगतच्या सपाट, दमट रस्त्यावर.

समुद्रावर जायच्या आधी तीन-चार आठवडे पुण्यातच थोडी सपाटी पायाखाली घाला, नाहीतर पोटऱ्या भरून येतील. सणस मैदान, रेसकोर्सच्या भोवतालचा रस्ता, बालेवाडी, जे जवळ असेल ते. डेक्कनजवळचा नदीपात्रातला रस्ताही सकाळी सहाला बरा असतो, अर्थात खडकवासल्यातून पाणी सोडलेलं नसेल तर. आठवड्यातला एक टेकडीचा दिवस कमी करून त्या दिवशी वेग न बदलता अर्धा तास धावा, पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं वाढवा. टेकडी पूर्ण बंद करू नका. सपाटीवर जो दम पुरतो, तो तिथेच कमावलेला असतो.

रविवारी सुरमई खाऊन डुलकी काढायचा मोह होतो. काढू नका, किंवा जो गाडी चालवणार नाही त्याने मागच्या सीटवर काढावी. दुपारी दीडच्या आत दिवेआगर सोडलं तर माणगावला गोवा हायवेची कोंडी लागायच्या आधी निजामपूरचा फाटा गाठता येतो. ताम्हिणी चढून वर आलात की पाच मिनिटं गाडी थांबवा, खाली उतरा आणि दगडावर टाच टेकवून पोटऱ्या ताणून घ्या.